होप हिरा बघायला जाताय?

मुलांकडे अमेरिकेत आलं की वॉशिंग्टनची एक फेरी होतेच, आणि त्या फेरीत नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. रत्नं नीट बघायची असतील तर दहाला दार उघडतं तेव्हाच दारात असा. तिकीट नाही, पण बॅग तपासतात, म्हणून सामान कमीच घ्या. पायात रोजचे चपला-बूट. आणि एक माझं म्हणणं: कपडे गडद रंगाचे घाला. दालनात अंधार असतो, उजेड फक्त काचेच्या आत. पांढरा शर्ट घातलात तर हिऱ्यावर तुमचाच शर्ट दिसतो. फोनचा फ्लॅश आधीच बंद करून ठेवा.

रत्नं ‘सेकंड फ्लोअर’ला, म्हणजे आपल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर. हत्ती उभा आहे त्या घुमटाखालून सरळ वर जा, डायनासोर नंतर.

होप हिरा ४५.५२ कॅरेटचा, म्हणजे नऊ ग्रॅमच्या जरा वर. तोळाभरही नाही! मोठ्या सुपारीएवढा दगड बघून ‘एवढासाच?’ म्हणणारे बरेच असतात. म्हणून थोडं घरून वाचून जा: मूळ दगड गोवळकोंड्याच्या मुलखातला, तॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने नेऊन चौदाव्या लुईला विकलेला, १७९२ मध्ये चोरीला गेलेला. निळा रंग आला तो किंचितशा बोरॉनमुळे. १९५८ मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो म्युझियमला दिला, तोही साध्या रजिस्टर पोस्टाने! विम्यासकट खर्च १४५.२९ डॉलर. हिरा चौथऱ्यावर हळूहळू फिरतो, तेव्हा पहिली झलक बघून सरकू नका. एक पूर्ण फेरा होऊ द्या. मागच्यांनी ढकललं तर बाजूला होऊन पुन्हा या.

शापाच्या गोष्टी मात्र नातवंडांनाच सांगा. त्यातल्या बऱ्याचशा विक्रीसाठी रंगवलेल्या आहेत.

आता माझ्या आवडीचं. ‘स्पॅनिश इन्क्विझिशन नेकलेस’ कुठे ठेवलाय ते तिथल्या माणसाला विचारून घ्या. नाव भलतंच आहे. हा हार इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी घेतलेला, मग त्यांच्या मुलाकडे, यशवंतरावांकडे आलेला, आणि १९४७ मध्ये विन्स्टनकडे गेलेला. पाचू कोलंबियाचे, हिरे भारतातले, आणि त्यातले मोठे भारतातच सतराव्या शतकात पैलू पाडलेले. आजच्या हिऱ्यांसारखे ते झगमगत नाहीत. पैलू थोडे ओबडधोबड, कडा हाताने घासल्यासारख्या. होपपुढे गर्दी असते तेव्हा इथे बहुधा शांतता असते. चष्मा जवळच्या नंबरचा आणा, म्हणजे हे दिसेल. लांबचा लावून मी काचेला नाक टेकवत होतो.