खांदा बदलण्याआधीचा सीटी: मागवताना आणि मोजताना

सांधारोपणासाठी खांद्याचा सीटी मागवताना फॉर्मवर नुसतं ‘सीटी शोल्डर’ लिहून मोकळे होऊ नका. तेवढ्यावर सांध्यापुरतंच स्कॅन होतं, आणि मोजायला बसल्यावर लक्षात येतं की स्कॅप्युलाची (खांद्याच्या पात्याच्या हाडाची) आतली कड आणि खालचं टोक आलेलंच नाही. ग्लेनॉइड (स्कॅप्युलावरची सांध्याची उथळ वाटी) किती मागे वळलंय हे त्या आतल्या कडेपर्यंत आखलेल्या रेषेवरून ठरतं. कडच नसेल तर महागडं सॉफ्टवेअरही अंदाजच बांधणार. तेव्हा स्पष्ट लिहा: पूर्ण स्कॅप्युला, ॲक्रोमिअनच्या (खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाच्या) वरपासून खालच्या टोकापर्यंत, सोबत ह्युमरसचा (दंडाच्या हाडाचा) वरचा भाग. ह्युमरसच्या डोक्याचा पीळही मोजायचा असेल तर कोपराच्या दोन्ही उंचवट्यांतून जाणारे थोडे स्लाइस (आडवे छेद) त्याच बैठकीत घ्यायला सांगा. डावा की उजवा, हे पूर्ण शब्दांत.

स्लाइस 1 मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ हवेत. हाडासाठी बोन कर्नल आणि स्नायूंसाठी सॉफ्ट टिश्यू कर्नल (कर्नल म्हणजे प्रतिमा तयार करण्याची सेटिंग), अशा दोन्ही मालिका मागा. कॉन्ट्रास्ट सहसा लागत नाही. खांद्यात जुना स्क्रू किंवा प्लेट असेल तर आधीच कळवा, म्हणजे धातूचे पट्टे कमी करणारी सेटिंग लावता येते. गरोदरपणाबद्दल विचारायला विसरू नका.

रुग्ण पाठीवर, हात अंगालगत, तळवा मांडीकडे. पोटावर हात ठेवला की दंड आत फिरतो. दुसरा हात डोक्यावर घेता आला तर उत्तम, कारण दोन्ही खांदे एका रेषेत आले की किरणांना जाड हाडांतून जावं लागतं आणि नेमक्या ग्लेनॉइडवरच रेघा उमटतात. झिजलेल्या खांद्याला असं निजणं सोपं नसतं. कोपराखाली छोटी उशी द्या, म्हणजे रुग्ण हलणार नाही.

स्कॅन झाल्यावर फिल्म किंवा मोबाइलवरचे फोटो नकोत, डायकॉम डेटा (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स) हवा, तोही पातळ स्लाइसचा. रुग्ण घरी जाण्याआधी सीडी उघडून पाहा.

मोजमाप थेट ॲक्सिअल (आडव्या) स्लाइसवर करू नका. टेबलावर स्कॅप्युला तिरकी पडलेली असते, त्यामुळे कोन बदलतो. आधी ग्लेनॉइडचा मध्य, आतल्या कडेवरचा स्कॅप्युलाच्या काट्याचा उगम आणि खालचं टोक या तीन बिंदूंनी स्कॅप्युलाचं प्रतल बसवा, मगच फ्रीडमन यांच्या 1992च्या पद्धतीने व्हर्जन (ग्लेनॉइड पुढे-मागे वळल्याचा कोन) काढा. निरोगी खांद्यात तो शून्याच्या आसपास, बहुधा किंचित मागे असतो.

खरी गफलत वॉल्श वर्गीकरणातल्या (ग्लेनॉइडच्या झिजेच्या प्रकारांतल्या) बी2 ग्लेनॉइडमध्ये होते. तिथे मूळ पृष्ठभागाचा पुढचा भाग शिल्लक असतो आणि मागे झिजून दुसरा तयार झालेला असतो. एकाने मूळ पृष्ठभाग धरला, दुसऱ्याने झिजलेला, तिसऱ्याने दोन्ही टोकं जोडणारी रेषा, तर एकाच स्कॅनवर तीन वेगळे आकडे येतात, आणि तिघांचंही गणित बरोबर असतं! म्हणून अंशांबरोबर कोणती रेषा धरली तेही नोंदवा. ह्युमरसचं डोकं मागे किती सरकलंय याचंही तेच: स्कॅप्युलाच्या रेषेच्या तुलनेत की ग्लेनॉइडच्या, हे लिहा. डोक्याचा साधारण 55 टक्क्यांहून जास्त भाग त्या रेषेच्या मागे गेला की ते मागे सरकलेलं समजतात. हे आकडे शोभेसाठी नाहीत. 10 ते 15 अंशांपलीकडचा वळसा नुसत्या रीमिंगने (हाड घासून) सरळ करायला गेलं की आधाराचं घट्ट हाडच निघून जातं. मग ऑगमेंट (झिजलेली जागा भरून काढणारा जाड कृत्रिम भाग) किंवा रिव्हर्सचा (गोळा ग्लेनॉइडवर आणि वाटी ह्युमरसवर बसवणाऱ्या उलट्या सांध्याचा) विचार करावा लागतो.

रिव्हर्स ठरत असेल तर कोरोनल (समोरून दिसणाऱ्या) प्रतलात ग्लेनॉइडच्या खालच्या भागाचा कल वेगळा मोजा, बेसप्लेट (गोळ्याखालचा धातूचा आधार) तिथेच बसते. मधल्या पेगसाठी (खुंटीसाठी) आणि स्क्रूंसाठी हाडाची खोली किती उरली आहे तेही पाहा. डोक्याचा व्यास मोजताना ऑस्टिओफाइट (कडेला वाढलेलं जादा हाड) वगळा. रोटेटर कफच्या (सांध्याला वेढणाऱ्या) स्नायूंतली चरबी गुटालिए श्रेणीने नोंदवा. ही श्रेणी 1994 साली सीटीवरच बसवली गेली. चरबी आणि स्नायू सारखे असतील तर 3, चरबी जास्त असेल तर 4. डेल्टॉइडवरही (खांद्यावरच्या मोठ्या स्नायूवरही) नजर टाका, रिव्हर्सचा सगळा भार त्याच्यावर असतो.

रुग्णासाठी खास गाइड (शस्त्रक्रियेत हाडावर बसवायचा साचा) बनवून घ्यायचा असेल तर त्याला काही आठवडे लागतात, म्हणून सीटी शस्त्रक्रियेच्या तारखेला चिकटून ठेवू नका. तो फार जुनाही नको, कारण मधल्या काळात झीज वाढली असेल तर गाइड हाडावर नीट बसणार नाही.