बॅकअपसाठी काढता येणारे कार्ट्रिज घ्यावे की टेप?

डाळ मिल असो, जिनिंग असो वा पतसंस्था, बॅकअपचे यंत्र विकत घेण्यापूर्वी तीन आकडे कागदावर मांडावेत: आज माहिती किती टेराबाइट आहे, ती दरवर्षी कितीने वाढते आणि ती किती वर्षे जपायची आहे. तिसरा आकडा पुष्कळदा कायदाच ठरवतो. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके किमान 8 आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात.

काढता येणारे कार्ट्रिज म्हणजे बहुधा आरडीएक्स. (हे नाव कुरिअरच्या पाकिटावर लिहू नये, एवढे आपल्याकडे सांगावेच लागते.) त्यात मजबूत आवरणात बसवलेली अडीच इंची डिस्क असते, डॉक, म्हणजे कार्ट्रिज बसवायचा खण, यूएसबीने संगणकाला जोडता येतो आणि हवी ती फाइल थेट उघडता येते. ज्या कार्यालयात बॅकअपचे काम हिशेबनीसच पाहतो आणि एकूण माहिती 4-5 टेराबाइटच्या आत आहे, तिथे माझ्या मते टेपचा विचारही करू नये. सेकंदाला 100 मेगाबाइटचा वेग धरला, तरी 2 टेराबाइटची पूर्ण प्रत साधारण साडेपाच तासांत, म्हणजे रात्रीतून निघते.

टेपचे गणित उलटे आहे. एलटीओ या बॅकअप टेपच्या प्रचलित प्रकारातील नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-9 च्या, एका टेपवर 18 टेराबाइट माहिती मावते. वेष्टनावर छापलेला 45 चा आकडा माहिती अडीच पट आकुंचन पावेल असे गृहीत धरून काढलेला असतो, आणि लग्नसराईचे व्हिडिओ किंवा सीसीटीव्हीचे चित्रण आधीच आकुंचित असल्यामुळे तिथे तो हिशेबात धरू नये. टेप स्वस्त पडते, पण ती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राला, म्हणजे ड्राइव्हलाच, काही लाख रुपये लागतात आणि तो जोडण्यासाठी संगणकात बहुधा एसएएस कार्ड वेगळे बसवावे लागते. त्यामुळे माहिती बरीच मोठी आणि दीर्घकाळ जपायची असेल तरच हा खर्च वसूल होतो. शिवाय संगणकाकडून माहिती संथ आली, तर टेप वारंवार थांबते, मागे जाते आणि पुन्हा सुरू होते, ज्याने वेळही जातो आणि टेपही झिजते.

खानदेशात हवामानाचा विचार वेगळा करावा लागतो. दीर्घकाळ जपायच्या टेपसाठी 16 ते 25 अंश तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता योग्य मानली जाते, तर भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 च्या आसपास जातो. म्हणून टेप पत्र्याच्या गोदामात ठेवू नयेत, उन्हात उभ्या गाडीत विसरू नयेत आणि बाहेरून आणलेली टेप ड्राइव्हच्या खोलीत एक दिवस राहू देऊन मगच वापरावी. जिनिंगच्या आवारात टेप ड्राइव्ह ठेवणे मी टाळतो, कारण कापसाची धूळ ड्राइव्हच्या हेडपर्यंत पोहोचते. कार्ट्रिजमधील डिस्क त्या मानाने सुरक्षित राहते.

काहीही निवडले तरी किमान तीन संच फिरते ठेवावेत, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावा आणि काम झाल्यावर कार्ट्रिज किंवा टेप यंत्रातून बाहेर काढावी, कारण जोडून ठेवलेली प्रत खंडणीखोर व्हायरस मूळ माहितीबरोबरच कुलूपबंद करू शकतो. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत उतरवून पाहावी. टेप घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: एलटीओ-9 चा ड्राइव्ह एलटीओ-8 च्या टेप वाचतो, एलटीओ-7 च्या वाचत नाही, म्हणून नवा ड्राइव्ह आला तरी, जुन्या टेपवरील माहिती नव्या टेपवर उतरवून होईपर्यंत, जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नये.