मोरपंखी भिंत रंगवण्याआधी
राखाडी झाक असलेला गडद मोरपंखी रंग शेडकार्डापेक्षा भिंतीवर बराच काळपट वाटतो. म्हणून आधी छोटा डबा आणा, २ बाय २ फुटांच्या तुकड्यावर दोन हात मारा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून बघा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तो निळसर, थंड दिसतो. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली हिरवटपणा वर येतो आणि सागवानी कपाट, पितळी समईसुद्धा खुलते. फिनिश मॅटच घ्या, चकाकीत पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो (रंगारी काहीही म्हणो). खाली राखाडी प्रायमर असेल तर एखादा हात वाचतो. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत मात्र सोडाच. क्षाराचे पांढरे डाग गडद रंगावर लपत नाहीत.