दिवाळीनंतरचं मागीलदार आणि लॉनची हौस

गावी नवीन घर बांधलं की मुंबईकर मंडळी पहिलं विचारतात, लॉन कधी लावू? मग थंड देशातले व्हिडिओ बघून ऑक्टोबरात बी टाकतात. अहो, ते गवतच वेगळं. रायग्रास, केंटकी ब्लूग्रास यांना 15 ते 24 डिग्री मानवतं, आणि आपल्याकडे रत्नागिरीत जानेवारीतली दुपारसुद्धा तिशी गाठते, मग मेमध्ये काय होणार ते सांगायला नको.

लॉन हवंच असेल तर हरळी लावा. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. बियांपेक्षा मुळासकट तुकडे वीतभर अंतरावर खोचायचे, आणि तेही मिरगाच्या पावसात, म्हणजे पाणी घालायचा ताप नाही. आता लावलीत तर रोज पाणी. जांभ्या दगडावर थेट लावू नका, निदान सहा इंच माती हवी, नाहीतर फेब्रुवारीत पिवळी पडणार. आंब्याफणसाच्या सावलीत हरळी धरत नाही, तिथे चिरे बसवा आणि गप्प बसा. थंडीत ती हळू वाढते तेव्हा कापायची घाई नको, कापाल तेव्हाही एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नाही. माझं मत विचाराल तर दहा बाय दहाचा तुकडा पुरे, कारण शिमग्यानंतर विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि तेव्हा गवताला पाणी घालायचं की माडाला हा प्रश्न घरात भांडण लावतो.

खरी मजा भाजीत आहे. पाऊस थांबला, ऑक्टोबरची उन्हं उतरली की नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपला सीझन.

आधी माती. चार महिने धो धो पाऊस पडतो आणि मातीतला चुना, पोटॅश सगळं धुऊन नेतो, म्हणून आपली लाल माती आंबट असते आणि नुसतं शेणखत घालून भागत नाही. खणून झाली की थोडा शेतीचा चुना किंवा चुलीतली राख भुरभुरवा, मग पंधरा दिवस थांबून कुजलेलं शेणखत घाला. दोन्ही एकदम घातलंत तर शेणखतातलं नत्र हवेत उडून जातं, आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं आणि मी बियाणेवाल्याला उगाच शिव्या घातल्या!

लाल माठ अगदी पहिला घ्या, महिन्याभरात ताटात येतो. बी एवढं बारीक की हाताने फेकलं तर एकाच जागी पडतं, म्हणून मूठभर रेतीत मिसळून पेरा, आणि वाफ्याच्या कडेने राख टाका, मुंग्या बी पळवतात. मुळा थेट जागेवरच पेरायचा, रोप उपटून लावलंत तर दुभंगतो, दीड महिन्यात तयार. वांगी-मिरचीची रोपं मात्र आधी करून मग लावायची. मिरचीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती, चवळीत कोकण सदाबहार, मिळाली तर बघा, इथल्याच हवेसाठी काढलेल्या जाती. पावटा, वाल गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला चढवा.

पाणी सकाळी, मुळाशी. संध्याकाळी पानं भिजवलीत तर बुरशी धरते. आणि पातेरा, म्हणजे गळलेली पानं, जाळू नका हो, कृपा करा, तरव्याची भाजवळ, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं, ते निराळं. आंब्याचा पातेरा वाफ्यात दोन बोटं जाड पसरलात तर एक दिवसाआड पाणी चालतं, फक्त खोडापासून जरा लांब.

राहिले वानर. फटाके, कुत्रा, बुजगावणं सगळं करून झालं, चार दिवसात त्यांना कळतं. बंदरावर फाटकी जाळी स्वस्तात मिळतात, ती बांबूवर ताणून वाफ्यावर टाका, पण कडा चिऱ्यांनी दाबा, नाहीतर मोर खालून शिरतो.