नंबर तोच, फोन साधा: सिम बदलण्याआधीची तयारी

साधा, स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्यायचं ठरलं की सगळे आधी फोन निवडायला बसतात. तो भाग सोपा आहे, शेवटी बघू. आधी सेटिंगमध्ये जाऊन बघा, तुमचा नंबर खाचेतल्या कार्डावर आहे की ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या, बाहेर न निघणाऱ्या सिमवर. कार्डावर असेल तर तुमचं निम्मं काम आत्ताच झालं. ई-सिम असेल तर मात्र नीट ऐका, कारण स्वस्तातल्या साध्या फोनमध्ये ई-सिम सहसा चालत नाही. म्हणजे मोबाइल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात जाऊन प्लास्टिकचं सिम घ्यायचं. आणि नवं सिम चालू झालं की पुढचे २४ तास एसएमएस बंद. येणारे बंद, जाणारेही बंद.

हा दूरसंचार विभागाचा २०२२ पासूनचा नियम आहे. कुणी परस्पर तुमच्या नंबरचं नवं सिम काढून ओटीपी लाटू नये म्हणून केलेला, आणि योग्यच आहे. पण तो आधी माहीत असायला हवा. मागच्या वेळी मी तो धरलाच नव्हता. कॉल व्यवस्थित येत-जात होते, नेट चालू होतं, आणि बँकेचं एकही अ‍ॅप उघडत नव्हतं.

यूपीआयचं वेगळं सांगतो, कारण इथे लोक हमखास चुकतात. यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना ते तुमच्या सिमवरून स्वतःच एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून नंबर पक्का करतं. जाणारा एसएमएसच बंद असेल तर तिथेच अडणार. कितीही वेळा दाबा. जुन्या फोनवरून पैसे देऊ म्हणाल, तर तिथलं सिम गेलेलं असतं आणि हे अ‍ॅपच्या लक्षात येतं.

म्हणून ते २४ तास कधी घालवायचे, हे आधी ठरवा. क्रेडिट कार्डाच्या बिलाची शेवटची तारीख, सोसायटीचा मेंटेनन्स, घरभाडं, गावाला जायच्या गाडीचं बुकिंग, यातलं काहीही त्या दिवशी नको. सिलिंडर यायचा असेल तर तोही नको, डिलिव्हरीचा कोड एसएमएसनेच येतो. ऑफिसच्या लॉगिनला ओटीपी लागत असेल तर शनिवार बघा. आदल्या दिवशी रोख पैसे काढा, रिक्षा, भाजी, दूध सगळ्याला पुरतील एवढे. एटीएमवर विसंबू नका. काही बँका मोठ्या रकमेला तिथेही ओटीपी मागतात. आणि दोन दिवस धरून चाला. २४ तासांनी यूपीआय सुरू झालं तरी नव्या फोनवर पहिल्या दिवशी रकमेला बहुधा मर्यादा असते. भाडं त्यात बसणार नाही.

एसएमएस २४ तास बंद. पुन्हा लिहितोय, कारण गॅलरीतल्या माणसाला गर्दीत हे सांगायचं राहून जाऊ शकतं.

गॅलरीत नंबर ज्याच्या नावावर आहे त्यानेच जायचं. घरातले नंबर वडिलांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतात, हे तिथे पोचल्यावर आठवून उपयोग नाही. आधार बरोबर घ्या. प्लॅन नंबरावर असतो, फोनवर नाही. तेव्हा ‘फक्त सिम बदलायचंय, प्लॅन आहे तोच ठेवा’ असं स्पष्ट सांगा. कमी डेटाचा प्लॅन हवा असेल तर तो पुढच्या बिलापासून घ्या, एका दिवशी दोन बदल नकोत. सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर पोर्ट करता, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता अ‍ॅप. नवा फोन सिम बदलायच्या आदल्या दिवशीच घरच्या वायफायवर चालू करा आणि गुगल खातं त्यात घाला. जुना फोन चालू असतो, मंजुरी तिथून देता येते, ओटीपीचाही अडथळा येत नाही. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड दाखवणारं अ‍ॅप) वापरत असाल तर तोही तेव्हाच हलवा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. त्या २४ तासांत व्हॉट्सअ‍ॅप सुरू करायचं झालं तर कोड एसएमएसऐवजी कॉलवर मागवा, कॉल चालू असतात. ओळखीच्यांचे नंबर गुगल खात्यात सेव्ह करा. सिमवर नकोत, तिथे जागा थोडी आणि मराठीत लिहिलेली नावं अर्धीच बसतात.

लोकलचा पास मोबाइलवर असेल तर तो संपेपर्यंत थांबा, नाहीतर पुढचा पास खिडकीवरून कागदी काढा. टीसीला स्क्रीनशॉट चालत नाही.

फोन निवडताना फोरजी आणि व्होल्टे (फोरजीवरूनच कॉल करायची सोय) हवंच. जिओचं टूजी-थ्रीजी नाहीच, व्होल्टे नसेल तर त्यावर साधा कॉलही लागणार नाही. एकाच कंपनीला लॉक केलेला फोन घेऊ नका. वायफाय कॉलिंग आहे का विचारा. तळमजल्यावर किंवा चाळीतल्या आतल्या खोलीत राहणाऱ्यांना ते लागतंच. बँकेचं अ‍ॅप त्या अँड्रॉइडवर चालतं का, तेही बघा. कुणाचा वापरलेला फोन घेणार असाल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, सरकारच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवर तपासा. सिमच्या आकाराचा अडॅप्टर लागेल असा फोन नको, तो आत अडकतो.

बाकी चार्जर, कव्हर वगैरे तुमचं तुम्ही बघा. २४ तास झाले की स्वतःलाच एक एसएमएस पाठवा. आला, की यूपीआय, मग बँक. जुना फोन त्यानंतरच पुसा. त्याआधी अजिबात नाही.