रेशीम शेडसाठी गरम हवेची भट्टी बांधताय? या चुका टाळा

मराठवाड्यात शेड तापवायची भट्टी म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. इथे आठ महिने शेड थंड कसं ठेवायचं याचीच चिंता. पण डिसेंबर-जानेवारीत परभणी, जालना, बीडकडे रात्रीचा पारा ८-१० अंशांवर येतो, थंडीची लाट आली की त्याच्याही खाली जातो आणि दुपारी पुन्हा २८-३० होतो. माणूस गोधडी ओढून घेतो, रेशीम अळीला तसं करता येत नाही. चॉकीला, म्हणजे लहान अळ्यांना, २७-२८ अंश लागतात, मोठ्या अळीला २३ ते २५. वीसच्या खाली अळी सुस्तावते, पाला तसाच पडून राहतो, मोल्ट (कात टाकणं) मागेपुढे होतो आणि बॅच लांबते. कोष विकायला आता कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत जायची गरज उरली नाही, जालन्यातच बाजार आहे. त्यामुळे थंडीतली बॅच सोडायला कोणी तयार नसतो.

मग शेडमध्ये कोळशाच्या शेगड्या येतात. सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असं नाही

लालबुंद कोळशाला धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साईड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पडदे बंद करून शेडमध्ये दोन शेगड्या ठेवल्या आणि पहाटे डोकं जड झालं, मळमळलं, तर तो जागरणाचा त्रास समजू नका. ताबडतोब बाहेर या, पडदे उघडा. शेगडी पेटती ठेवून शेडमध्ये झोपणं हा जिवाशी खेळ आहे. अळ्यांनाही कोंडलेली हवा बाधते.

गरम हवेच्या भट्टीचा अर्थच हा की जाळ बाहेर आणि ऊब आत. जळणाचा धूर एका वाटेने धुराड्यात जातो, शेडची हवा दुसऱ्या वाटेने तापलेल्या लोखंडाला घासून आत येते. दोघांची भेट कुठेही होता कामा नये. ‘थोडा धूर आत गेला तर गेला’ असं म्हणणाऱ्याकडून भट्टी करून घेऊ नका.

भट्टीच्या आधी शेड

लोक विचारतात, ‘पन्नास बाय बावीसच्या शेडला केवढी भट्टी लागेल?’ उत्तर शेडच्या फटींवर आहे. बाहेर ८ अंश, आत २५ अंश आणि शेडची सरासरी उंची साडेतीन मीटर धरू. उघडा पत्रा, खाली तीन फूट वीट, वर शेडनेट आणि एकेरी पडदा, पडद्याच्या कडा वाऱ्यावर फडफडतायत. अशा शेडला २५ ते ३० किलोवॅट उष्णता लागते. निम्मी तर पत्र्यातूनच वर जाते. त्याच शेडला पत्र्याखाली कापडाचं किंवा प्लास्टिकचं आडं (आतलं छत) मारलं, पडदा दुहेरी केला, खालची कड मातीत दाबली, तर काम साधारण १५ किलोवॅटवर येतं.

जळणाच्या भाषेत सांगायचं तर चांगलं वाळलेलं लाकूड किलोला सव्वाचार युनिटच्या आसपास उष्णता देतं. गावाकडे बनवलेली भट्टी त्यातली निम्मी जरी शेडमध्ये पोहोचवू शकली तरी बरी म्हणायची. म्हणजे उघड्या शेडला कडाक्याच्या थंडीत तासाला १२ ते १४ किलो लाकूड, बंद शेडला सात. आड्याचा खर्च एका हिवाळ्यात सरपणातून निघतो, शिवाय एप्रिल-मेमध्ये तेच आडं पत्र्याची झळ अडवतं. मी तर आडं नसलेल्या शेडला भट्टी करायलाच नको म्हणतो.

मात्र बंद म्हणजे हवाबंद नाही. तासाला एकदा तरी शेडची हवा बदलली पाहिजे, शेवटच्या अवस्थेत त्याहून जास्त. त्या वेळी पाला आणि विष्ठा दोन्हींतून ओलावा सुटत असतो.

बॅरल, पत्रा आणि पाईप

दोनशे लिटरचं बॅरल आडवं पाडायचं, त्याला दार कापायचं आणि बाहेरून पत्र्याचं कवच घालायचं, हा सगळीकडचा देशी नमुना. यात दोन अडचणी आहेत. बॅरलचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा असतो. रोजच्या जाळाने तो फुगतो, जोडाजवळ चिरतो आणि एखाद्या हंगामातच चाळणी होतो. दुसरं, बॅरलचा गोल पृष्ठभाग जेमतेम दीड चौरस मीटर. १५ किलोवॅट हवेत उतरवायला तीन-चार चौरस मीटर तरी तापलेलं लोखंड लागतं. ते नसलं की उष्णता धुराड्यातून आकाशात जाते. धुराड्याचा खालचा पाईप लाल होत असेल किंवा त्याचा रंग जळून पोपडे निघत असतील, तर तुमची भट्टी गावाला ऊब देतेय असं समजा.

जळणाची पेटी ४-५ मिलिमीटरच्या प्लेटची करा, आतून भट्टीच्या विटांचा थर द्या. जालन्यात लोखंडाचे कारखाने आहेत, प्लेटचे तुकडे शोधायला लांब जावं लागत नाही. पेटीतून निघालेला धूर थेट धुराड्यात न सोडता चार इंची, पाच फुटी सहा-सात नळ्यांमधून फिरवा. एवढ्यानेच जवळपास तीन चौरस मीटर मिळतात. नळ्यांच्या टोकाला उघडणारं झाकण हवंच, नाहीतर राख काढणार कुठून? राखेचा बोटभर थर बसला की उष्णता पलीकडे जातच नाही, मग जळण वाढवूनही शेड थंडच राहतं.

जाळाजवळ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अजिबात नको. त्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं. तापून त्याचा पांढरा धूर निघाला तर तो अंगाला घातक. थंड बाजूच्या डक्टला (हवा नेणाऱ्या पाईपला) जीआय चालतो.

पंखा कुठे बसवायचा

भट्टीतल्या बऱ्याच चुका नुसत्या बघून सापडतात, ही मात्र सापडत नाही. बरेच जण ब्लोअर भट्टीनंतर, शेडच्या भिंतीत बसवतात. तो गरम हवा ओढतो, म्हणजे नळ्यांभोवतीच्या कवचात ओढ तयार होते. नळीला केसाएवढी जरी चीर असली तरी धूर त्या ओढीने हवेत येतो. शिवाय गरम हवेत मोटर होरपळते, बेअरिंगचं ग्रीस वाहून जातं.

पंखा भट्टीच्या आधी बसवा. तो गार हवा ढकलेल, कवचात दाब राहील. चीर पडलीच तर चांगली हवा धुराकडे जाईल, धूर हवेकडे येणार नाही.

पहिला जाळ लावण्याआधी तपासणी करायची ती अशी. अंधार पडल्यावर सगळे दिवे घालवा, जळणाच्या पेटीत मोठी बॅटरी पेटवून ठेवा, दार लावा आणि हवेच्या तोंडातून आत बघा. वेल्डिंग सुटलं असेल तिथे सुईएवढा उजेड चमकतो. तिथे खडूने खूण करा. मग शेड रिकामं असताना, ब्लोअर बंद ठेवून, पेटीत कडुनिंबाचा ओला पाला धुपवा. डक्टच्या तोंडाशी वास आला तर भट्टी अजून तयार नाही. ब्लोअर चालू ठेवून ही परीक्षा घेऊ नका, दाबामुळे गळती लपते. हीच तपासणी दर हिवाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा करा.

मोटर सिंगल फेजची घ्या. शेतातल्या थ्री फेजची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि पहाटे चारला थंडी कोणाची पाळी बघत नाही. लाईट गेली की पंखा थांबतो, पण जाळ थांबत नाही. मग लोखंड तापत जातं, वाकतं. त्यासाठी जळणाच्या हवेला बंद करता येईल अशी झडप हवी आणि इन्व्हर्टरवर एक छोटा पंखा. थर्मोस्टॅट लावलाच तर त्याला झडपही जोडा, नुसता ब्लोअर बंद करणारा थर्मोस्टॅट लाईट गेल्यासारखाच घात करतो.

‘शेवटच्या रॅकला हवाच येईना’

‘भाऊ, ब्लोअर तर दणकून फिरतोय, पण पलीकडच्या रॅकला काहीच लागंना,’ ही नेहमीची तक्रार. जाऊन बघावं तर डक्ट म्हणून सहा इंची पाईप टाकलेला. १५ किलोवॅट उष्णता ३० अंशांच्या फरकाने न्यायची तर तासाला सोळाशे-सतराशे घनमीटर हवा लागते. सहा इंचातून ती सेकंदाला २५ मीटर वेगाने पळवावी लागेल, आणि साध्या पंख्याच्या अंगात तेवढा जोर नसतो. तेरा-चौदा इंची डक्ट घ्या, वेग पाच मीटरवर येतो.

डक्ट वर टांगू नका. गरम हवा आपोआप वर जाते, म्हणून ती खाली, रॅकच्या पायाशी सोडायची. जाड प्लास्टिकची भोकं पाडलेली लांब पिशवी वाटेने अंथरली की पन्नास फुटांत ऊब बऱ्यापैकी सारखी पडते. भोकांचं तोंड वाटेकडे, अळ्यांकडे नाही. तोंडाशी हवा ५५ अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका, प्लास्टिकही मऊ पडतं आणि पालाही करपतो. पत्र्याच्या डक्टपेक्षा ही पिशवी मला आणखी एका कारणासाठी आवडते. बॅचनंतर ब्लिचिंग पावडरची फवारणी होते, तिने पत्रा गंजतो, पिशवी मात्र काढून धुता येते.

परतीची हवा शेडमधूनच घ्या, थोडी ताजी मिसळा. अळीवर अंडी घालणाऱ्या उझी माशीसाठी त्या तोंडाला बारीक जाळी लागेलच. जाळी धुळीने बुजते, म्हणून तोंड डक्टच्या दुप्पट मोठं ठेवा.

तापमापक डक्टसमोर किंवा दारात टांगलेला असेल तर तो खोटं बोलणारच. जवळच्या, मधल्या आणि शेवटच्या रॅकवर, अळ्यांच्या उंचीवर एकेक ठेवा.

ऊब आली, ओल गेली

बाहेरची ८ अंशांची दमट हवा पाणी न मिसळता २५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता तिशीवर येते. मोठ्या अळीला ७० टक्के लागते, चॉकीला ८०-९०. पाला दोन तासांत कुरकुरीत होतो आणि दोष तुतीच्या जातीला दिला जातो. वाटेत ओली गोणपाटं टांगा, डक्टच्या तोंडापुढे पसरट घमेलं ठेवा. एवढ्या शेडला सुरुवातीच्या दिवसांत तासाला तीनेक लिटर पाणी हवेत जावं लागतं. अळ्या मोल्टला बसल्या की गोणपाटं काढा, त्या वेळी कोरडंच बरं. शेवटच्या अवस्थेतही पाणी आवरा, आधीच ओल असते. थंडीत ओल जास्त झाली की मस्कार्डिन हा बुरशीचा रोग डोकं वर काढतो.

जळण

तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि भडकन विझतात, रात्रभर माणूस बसवावा लागतो. पेटवायला त्या, टिकायला बाभूळ किंवा ब्रिकेट (भुसा दाबून केलेले ठोकळे). ओल्या लाकडाने धूर गार होतो आणि नळ्यांत डांबर बसतं. औषधांचे डबे, पिशव्या पेटीत टाकू नका, तो धूर तुतीच्या बागेवर उतरला तर अळीला चालणार नाही. धुराडं छपराच्या आढ्याच्या तीन फूट वर न्या, टोकाला ठिणगीची जाळी बसवा आणि वारा ज्या बाजूला वाहतो तिकडे कडब्याची गंजी ठेवू नका. भट्टी आणि शेडनेट यांत दोन मीटरचं अंतर आणि मधे विटांची भिंत असावी.

फेब्रुवारीत भट्टी बंद केली की राख तशीच ठेवायची सवय मोडा. पावसाळ्यात राख ओल धरते आणि जाड प्लेटसुद्धा आतून खाते. पेटी आणि नळ्या खरवडून साफ करा, आतून जुन्या तेलाचा हात फिरवा, धुराड्यावर डबा पालथा घाला. नोव्हेंबरमध्ये पेटवण्याआधी तो डबा काढायचा, नळीत पाखराने घरटं केलंय का बघायचं आणि पहिला जाळ शेड रिकामं असताना, पडदे वर करून लावायचा, कारण ते तेल जळून जाईपर्यंत उग्र वास येतो.