गणपतीसाठी गावचं घर उघडताना: बुरशी काढण्याची तयारी

मे महिन्यात कुलूप लावलेलं कोकणातलं घर भाद्रपदात उघडलं की बुरशी असणारच. कपाटाच्या मागच्या फळीवर हिरवट पावडर, पट्ट्यांवर आणि चपलांवर पांढरी लव, गाद्यांना कुबट वास. मुलाबाळांसकट सगळ्यांनी एकदम आत शिरायचं, पंखा लावायचा आणि झाडू मारायला घ्यायचा, ही सर्रास चालणारी पद्धत सगळ्यात घातक. एका कोपऱ्यातली बुरशी तेवढ्यात घरभर पसरते. म्हणून चतुर्थीच्या निदान तीन दिवस आधी दोन धडधाकट माणसं पुढे पाठवा. दमेकरी, गरोदर बाई, तान्हं मूल, केमोथेरपी चालू असलेला किंवा साखर आटोक्यात नसलेला मधुमेही, यांनी सफाई उरकून घर वाळल्यावरच यावं.

काय न्यायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बुरशी नुसती मारून भागत नाही, ती घराबाहेर काढावी लागते. बीजाणू म्हणजे बुरशीचे बियांसारखे बारीक कण, ते मेलेले असले तरी शिंका, खोकला आणि दमा उठवतात. काही बुरशा जी विषं तयार करतात ती वायूसारखी उडून जात नाहीत. ती बीजाणूंना आणि धुळीला चिकटून राहतात, आणि त्यातली बरीचशी उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. कुबट वास म्हणजे ते विष नव्हे, तो बुरशीच्या इतर वायूंचा असतो. त्यामुळे वास गेला म्हणून काम झालं असं धरू नका आणि कापूर-उदबत्तीने तो दाबूही नका. धूळ न उडवता ओल्या फडक्याने उचलली, तर विषाचा मोठा भाग तिच्याबरोबरच जातो.

मुंबईहून निघताना माणशी दोन-तीन एन-९५ मास्क घ्या. कापडी मास्क किंवा तोंडावर गुंडाळलेला पंचा बीजाणू अडवत नाही, आणि दाढी असेल तर एन-९५ सुद्धा कडेने हवा सोडतो. कोपराजवळ पोचतील असे रबरी हातमोजे, भोकं नसलेला बंदिस्त चष्मा, फेकून देता येतील असे पंधरा-वीस जुने सुती तुकडे, कचऱ्याच्या जाड मोठ्या पिशव्या, चिकटपट्टी, मऊ ब्रश, कडक ब्रश, लिक्विड डिटर्जंट आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर हवा. सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल रेल्वेतून नेऊ नका. ते ज्वालाग्राही असल्यामुळे गाडीत चालत नाही. तालुक्याच्या औषधाच्या दुकानात चौकशी करा. बादल्या आणि वाळत घालायची दोरी गावी असतेच, पण बादल्या दोन लागतील.

घर उघडल्यावर मास्क लावूनच आत जा, दारं-खिडक्या उघडा आणि अर्धा तास बाहेर थांबा. पंखे बंदच. मेन स्विच चालू करण्याआधी बोर्ड आणि भिंत ओली नाही ना ते पाहा. ओल दिसली तर वायरमन येईपर्यंत हात लावू नका. मग सगळ्या सामानाचे मनाशी तीन वाटे करा: पुसून निघेल ते, धुऊन निघेल ते, आणि टाकायचं ते. भिंतीवर अंगणाच्या दारापेक्षा मोठा बुरशीचा पट्टा असेल किंवा छपरातून पाणी चालूच असेल, तर आधी कौलं बघणारा माणूस बोलवा. पाणी थांबल्याशिवाय केलेली सफाई पंधरवडाही टिकत नाही.

टाकायच्या गोष्टींपासून सुरुवात करा, कारण त्या घरात असेपर्यंत बाकीचं पुसलेलं पुन्हा खराब होतं. आतून बुरसलेली फोमची गादी किंवा उशी वाचत नाही. कापसाची गादी पिंजून घ्यायचा मोह होतो, पण पिंजताना तेच बीजाणू पिंजणाऱ्याच्या नाकात जातात आणि उरलेले नव्या खोळीत. कापूस टाका, खोळ धुवा. फुगलेली पार्टिकल बोर्डची फळी, पुठ्ठ्याची खोकी, मखराचं कागदी सामान हेही टाकाच. प्रत्येक वस्तू जागेवरच पिशवीत घाला, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि मगच उचला. उघडी गादी ओटीवरून ओढत नेली की अख्ख्या वाटेवर बीजाणू सांडतात.

स्वयंपाकघरात मात्र मन घट्ट करावं लागतं. डब्यातले शेंगदाणे, सुकं खोबरं, मका, मिरच्या, तांदूळ यांना बुरा आला असेल तर निवडून, धुऊन, उन्हात घालून किंवा भाजून ते वापरू नका. शेंगदाणा, खोबरं आणि मका यांवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला मारक आहे आणि घरच्या आचेवर ते नाहीसं होत नाही. १९७४ साली गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली, ती याच विषाने. असलं धान्य गोठ्यातही घालू नका. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग दुधातून पुन्हा माणसाच्या पोटात येतो. स्टीलचे आणि काचेचे डबे गरम साबणपाण्याने घासले की झालं. पोळपाट-लाटणं, रवी, लाकडी चमचे चिरलेले नसतील तर घासून, उकळतं पाणी ओतून कडकडीत वाळवा. चिरलेले असतील तर टाका, भेगेतली बुरशी घासणीला लागत नाही.

पुसायच्या वस्तूंना दोन बादल्या लागतात. एकीत १० लिटर पाण्याला दोन-तीन चमचे लिक्विड डिटर्जंट, दुसरीत साधं पाणी. फडकं साबणपाण्यात घट्ट पिळून एकाच दिशेने वरून खाली पुसा, घडी उलटा, मग दुसऱ्या बादलीत विसळा. पाणी गढूळ दिसलं की फेका. काळं झालेलं फडकं धुऊन पुन्हा वापरू नका, पिशवीत टाका. सागवानी कपाट असं पुसल्यावर कोरड्या फडक्याने टिपा आणि पूर्ण वाळेपर्यंत दारं सताड उघडी ठेवा. पॉलिश घाईने मारलं तर ओल आत कोंडते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागची फळी तिथेच सगळ्यात जास्त ओल धरते.

ब्लीच फक्त न्हाणीघराच्या टाइल्स आणि सिमेंटपुरतं ठेवा: एक लिटर पाण्यात ६० मिली, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. लाकडात ब्लीचचं पाणी मुरतं, क्लोरीन वरच राहतो आणि बुरशीला उलट ओलावा मिळतो. व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेल्या काचेच्या द्रावात ब्लीच कधीही मिसळू नका. तयार होणारा वायू बंद न्हाणीघरात जीवघेणा ठरतो.

आरतीचं सामान हमखास विसरलं जातं. पखवाजाच्या डाव्या तोंडावर गेल्या खेपेची कणीक राहिली असेल, तर बुरशीची सुरुवात तिथूनच झालेली दिसेल. पखवाज अंगणात नेऊन ती कणीक खरवडा, पानावरची, म्हणजे ताणलेल्या चामड्यावरची लव कोरड्या मऊ कपड्याने टिपा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. पानावरच्या काळ्या शाईला पाणी किंवा स्पिरिट लावू नका, आणि पान चटकन वाळावं म्हणून कडक उन्हात ठेवलंत तर ते फाटतं. पेटी तर आधी वाजवून बघायचीच नाही. भात्याच्या घड्यांत बसलेले बीजाणू पहिल्याच हवेबरोबर बाहेर उडतात. मास्क लावून अंगणात भाता हळू उघडा, मऊ ब्रशने घड्या साफ करा, लाकूड तेवढं घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा.

कपडे वाऱ्याच्या दिशेने तोंड करून झटकू नका. सुती कपडे कपडा सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा. डाग उरला तर तो बऱ्याचदा बुरशीचा रंग असतो, घाबरू नका. पैठणी आणि रेशमी साड्या सावलीत वाऱ्यावर टाकून मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करा आणि ड्रायक्लीनला द्या, ब्लीचने रेशीम खलास होतं. चामड्याच्या चपला, पट्टे स्पिरिट आणि पाणी निम्मेनिम्म करून पुसा, पण आधी आतल्या बाजूला रंग सुटतो का ते बघा. गोधडी मात्र दोन दिवस ऊन पडायची खात्री असेल तरच भिजवा. भाद्रपदात ती अर्धवट वाळली तर पुन्हा बुरसते, आणि त्यापेक्षा पिशवीत बांधून ऑक्टोबरपर्यंत पडवीत ठेवलेली बरी. पोथ्या-पुस्तकांनाही तेच लागू: ओली पानं पुसायची नाहीत, आधी सावलीत वाळवून मगच ब्रश.

काम संपल्यावर मास्क सगळ्यात शेवटी काढा, डोक्यावरून आंघोळ करा आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा. नंतर ताप, धाप किंवा न थांबणारा खोकला आला तर डॉक्टरांना बुरशीची सफाई केल्याचं आवर्जून सांगा. मीटर ६० टक्क्यांच्या खाली आणणं त्या दिवसांत कोकणात कठीणच, म्हणून ऊन असेल तेव्हा दुपारीच खिडक्या उघडा आणि संध्याकाळची दमट हवा आत घेऊ नका. विसर्जनानंतर पुन्हा कुलूप लावताना कपाटांची दारं बोटभर उघडी ठेवा, धान्य मागे ठेवू नका, गाद्या भिंतीला न टेकवता बाजेवर उभ्या करा. डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला किडीसाठी ठीक आहे, बुरशी त्याने अडत नाही. तिच्यासाठी ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे ठेवा आणि त्यांचा रंग बदलल्यावर तव्यावर नव्हे, ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवून परत वापरा.